पहिल्या सलाईनआधी विचारायचा प्रश्न

केमोथेरपीपासून अंडाशयाचे रक्षण : अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा दावा आणि वेळेवर करावयाचे उपाय

नागपूरच्या दक्षिण टोकाला हुडकेश्वर आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायतीचे गाव असलेला हा परिसर पुढे महानगरपालिकेच्या हद्दीत आला, शेतांच्या जागी ले-आऊट पडले आणि शहराच्या जुन्या वस्त्यांतील अनेक कुटुंबांनी इकडे घरे बांधली. पेढी इतवारीत आणि घर हुडकेश्वर-बेसा-मानेवाडा पट्ट्यात, ही व्यापारी घरांची रीत आता नवी राहिलेली नाही. याच बाजूने शहराकडे जाताना मानेवाडा मार्गावर तुकडोजी चौकात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय लागते. दुसरीकडे, वर्धा मार्गावरील जामठा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी आहे. विदर्भातून आणि शेजारच्या राज्यांतून रुग्ण या दोन्ही ठिकाणी येतात, आणि त्यांत पंचविशी-तिशीतल्या स्त्रियाही असतात.

अशा एखाद्या घरात सुनेला स्तनाच्या कर्करोगाचे किंवा लेकीला लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे निदान होते, तेव्हा पहिला प्रश्न अर्थातच जीव वाचण्याचा असतो. दुसरा प्रश्न मनात असूनही कोणी उच्चारत नाही. “पुढे मूल होईल ना?” हे सासऱ्यांच्या आणि दिरांच्या देखत डॉक्टरांना विचारायला सुनेला संकोच वाटतो. मुलगी अविवाहित असेल, तर बोभाटा होऊन सोयरीक अडेल या भीतीने तिची आई गप्प राहते. सासूबाईंना वाटते, जीवावर बेतले असताना नातवंडाची गोष्ट कोणत्या तोंडाने काढावी?

न विचारलेला हा प्रश्न मग वेगळ्या वाटेने घरात उत्तर शोधतो. नणंद पुण्याहून एक बाटली पाठवते, मामांच्या ओळखीचा दुकानदार दुसरी सुचवतो, मोबाईलवर तिसरीची चित्रफीत येते. को-एन्झाइम क्यू-टेन, मेलाटोनिन, रेस्व्हेराट्रॉल, कर्क्युमिन, ई जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन अशी नावे आणि “केमोपासून अंडाशयाचे रक्षण” असा दावा. गोळ्या सुरू होतात. डॉक्टरांना सांगितले जात नाही, कारण हे औषध नसून केवळ ‘पोषण’ आहे, अशी घरच्यांची समजूत असते. पाठवणाऱ्यांची माया खरी असते. तिच्यामुळे त्या स्त्रीचे भले होते की नाही, हे मात्र तपासून पाहावे लागते.

न वाढणारे मुद्दल

अंडाशयाचा व्यवहार समजून घेण्यास व्यापाऱ्याची भाषा सोयीची आहे. पुरुषाच्या शरीरात बीजनिर्मिती आयुष्यभर चालू राहते. स्त्रीला मात्र सारे मुद्दल जन्मापूर्वीच मिळते आणि त्यात पुढे भर पडत नाही. जन्माच्या वेळी मुलीच्या दोन अंडाशयांत मिळून सुमारे १० ते २० लाख अपक्व स्त्रीबीजे असतात. प्रत्येक बीजाभोवती पेशींचे एक सूक्ष्म कवच असते. त्या सबंध घटकाला बीजपुटिका म्हणतात. वयात येईपर्यंत यांपैकी ३ ते ४ लाख उरतात. संपूर्ण प्रजननकाळात पक्व होऊन बाहेर पडणारी बीजे अवघी ४०० ते ५००, बाकीची आपोआप विरून जातात. हा साठा हजाराच्या घरात आला की रजोनिवृत्ती येते. भारतीय स्त्रीच्या बाबतीत हे वय सरासरी ४६-४७ वर्षांच्या आसपास असते.

बहुतेक पुटिका वर्षानुवर्षे सुप्त असतात. त्यांपैकी थोड्या थोड्या जाग्या होऊन वाढू लागतात आणि एएमएच नावाचे संप्रेरक निर्माण करतात. म्हणूनच रक्तातील एएमएचच्या तपासणीवरून शिल्लक साठ्याचा अंदाज बांधता येतो. पाळी नियमित येणे आणि साठा भरपूर असणे या मात्र भिन्न गोष्टी आहेत. केमोनंतर पाळी परत आली म्हणजे सारे पूर्ववत झाले, असे मानून अनेकजणी निर्धास्त होतात आणि मधली मोलाची वर्षे निघून जातात.

औषध अंडाशयात काय करते

अंडाशयाला इजा पोहोचविणाऱ्या औषधांत सायक्लोफॉस्फमाइडचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. पहिल्या महायुद्धातील मस्टर्ड वायूच्या रासायनिक कुळातून निघालेल्या या औषधाला अमेरिकेत १९५९ साली मान्यता मिळाली. ते आजही स्तनाचा कर्करोग, लसिकाग्रंथींचे कर्करोग आणि ल्युपससारखे संधिवाताच्या कुळातील आजार यांत लाखो जीव वाचवीत आहे. ते टाळण्याजोगे विष आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये.

हे औषध शरीरात शिरते ते निष्क्रिय रूपात. यकृत त्याचे रूपांतर करते आणि अखेरीस दोन पदार्थ तयार होतात. पहिला फॉस्फोरमाइड मस्टर्ड. तो पेशीतील डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडून टाकतो, त्यामुळे कर्कपेशी मरते. दुसरा ॲक्रोलीन. तो कर्करोगावर विशेष काही करीत नाही, पण मूत्राशयाच्या अस्तराला जाळतो.

अंडाशयात तीन गोष्टी घडतात. वाढीला लागलेल्या पुटिका थेट नष्ट होतात. त्या गेल्याने सुप्त पुटिकांवरचा अंकुश सुटतो आणि त्या गरजेपेक्षा अधिक संख्येने जाग्या होऊन पुढच्या सलाईनला बळी पडतात. तिसरे म्हणजे अंडाशयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते. या सर्व घडामोडींत पेशीतील ग्लुटाथायोन हे नैसर्गिक रक्षकद्रव्य खर्ची पडते आणि मुक्तकणांचा, म्हणजे फ्री रॅडिकल्सचा, भार वाढतो. यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

इजा किती होईल हे औषधाच्या एकूण मात्रेवर आणि वयावर अवलंबून असते. पंचविशीतील स्त्रीचा साठा मोठा असल्याने ती बऱ्याचदा सावरते. चाळिशीनंतर तेच औषध रजोनिवृत्ती लवकर ओढवून आणू शकते.

गोळीमागचा तर्क

मुक्तकणांमुळे इजा होत असेल, तर मुक्तकण शमविणारे अँटिऑक्सिडंट दिल्यास इजा टळावी, हा तर्क साधा आणि आकर्षक आहे. तो निराधारही नाही. गेल्या दोन-तीन दशकांत जगभरातील प्रयोगशाळांत, आणि त्यांत भारतातीलही आल्या, उंदरांना सायक्लोफॉस्फमाइड किंवा सिस्प्लॅटिन देऊन सोबत मेलाटोनिन, रेस्व्हेराट्रॉल, कर्क्युमिन, क्वेर्सेटिन, को-एन्झाइम क्यू-टेन, एन-ॲसिटिलसिस्टीन असे पदार्थ देऊन पाहिले गेले. पुष्कळ प्रयोगांत पुटिका अधिक उरल्या, एएमएच कमी घसरले आणि ऑक्सिडीकरणाच्या खुणा घटल्या. बाटलीवरचा दावा येतो तो इथूनच. मुक्या जिवांच्या वेदनेतून मिळालेले हे ज्ञान आहे. त्याचा अर्थ ओढूनताणून लावला जाऊ नये, ही अपेक्षा म्हणूनच अधिक रास्त ठरते.

या प्रयोगांकडे पाहताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, यांतील बहुतेक उंदीर निरोगी होते. त्यांना कर्करोग नव्हताच. त्यामुळे अंडाशय वाचले हे दिसले, पण त्याच वेळी गाठही वाचली असती का, हा प्रश्न त्या प्रयोगांत विचारलाच गेला नाही. दुसरी गोष्ट मात्रेची. उंदराच्या वजनातील मात्रा माणसाच्या मात्रेत बदलताना औषधशास्त्रात ती साधारण १२ने भागण्याची रीत आहे. उंदराला दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम मेलाटोनिन दिले असेल, तर ६० किलो वजनाच्या स्त्रीसाठी ते सुमारे ९८ मिलिग्रॅम होते. दुकानात मिळणारी गोळी ३ किंवा ५ मिलिग्रॅमची असते. म्हणजे प्रयोगातला माल एक आणि बाटलीतला दुसरा. तिसरी गोष्ट, उंदराच्या अंडाशयात घडले ते स्त्रीच्या अंडाशयात जसेच्या तसे घडेलच असे नाही. को-एन्झाइम क्यू-टेनचे काही अभ्यास स्त्रियांवर झाले आहेत, परंतु ते टेस्ट-ट्यूब उपचार घेणाऱ्या, स्त्रीबीजांचा साठा कमी असलेल्या स्त्रियांवरचे आहेत. केमो चालू असलेल्या रुग्णांवरचे नाहीत.

केमोपासून स्त्रीचे अंडाशय वाचते आणि तिच्या पदरात मूल येते, असे दाखविणारा भक्कम मानवी पुरावा यांपैकी एकाही गोळीच्या मागे आज उभा नाही. प्रजननक्षमता जपण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही या गोळ्यांना उपाय म्हणून स्थान दिलेले नाही.

तीच ढाल गाठीच्या हाती

“फायदा नसेल, पण नुकसान तरी काय?” असे घरोघरी म्हटले जाते. सावध व्हावे ते या वाक्यापाशी.

रक्तात मिसळलेला अँटिऑक्सिडंट अंडाशयाचा पत्ता विचारून तेथेच जात नाही. तो सर्वत्र जातो, गाठीतही. अनेक कर्करोगविरोधी औषधे आणि किरणोपचार यांचे काही काम मुक्तकणांच्याच द्वारे होत असते. अंडाशयाला दिलेली ढाल गाठीच्याही हाती पडली, तर उपचाराचा घाव बोथट होतो. ही केवळ कल्पना नाही. २००२ साली ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांच्या आहारात कर्क्युमिन मिसळले, तेव्हा सायक्लोफॉस्फमाइडने गाठ आक्रसण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. फोडणीतल्या चिमूटभर हळदीने कोणी घाबरून जाऊ नये. हळदीत कर्क्युमिन जेमतेम शेकडा ३च्या आसपास असते आणि ते रक्तात फारसे उतरत नाही. प्रश्न सांद्र अर्काच्या कॅप्सूलचा आहे.

स्त्रियांवरील एक महत्त्वाचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील स्तनाच्या कर्करोगाच्या एका मोठ्या चाचणीत सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन व पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या १,१३४ रुग्णांना त्या कोणत्या पूरक गोळ्या घेतात हे विचारण्यात आले. ज्या स्त्रिया केमोच्या आधी आणि केमोच्या काळातही अ, क, ई जीवनसत्त्वे, कॅरोटिनॉइड किंवा को-एन्झाइम क्यू-टेन यांपैकी काही घेत होत्या, त्यांच्यात कर्करोग उलटण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के अधिक आढळली. अशा गोळ्या घेणाऱ्या थोड्याच असल्याने हा आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीवर काठावरचा ठरला. परंतु बी-१२ आणि लोहाच्या गोळ्यांच्या बाबतीत हा संबंध अधिक स्पष्ट दिसला. ही निरीक्षणे आहेत. गोळीमुळेच रोग उलटला, असे त्यांनी सिद्ध होत नाही. तरी “नुकसान काहीच नाही” असे म्हणण्याची सोय त्यांनी उरलेली नाही.

शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते आणि गोळी वर्षानुवर्षे चालू असते. तिला घाबरून परस्पर बंद करणे हेही चूकच. रक्ततपासणी करून, कमतरता खरी असेल तर ती केमोच्या आधी भरून काढावी की सोबत, हे कर्करोगतज्ज्ञांनी ठरवावे. त्यासाठी ती गोळी चालू आहे हे त्यांना ठाऊक असले पाहिजे.

अँटिऑक्सिडंटवरील भाबड्या विश्वासाला धक्का देणारी उदाहरणे आणखीही आहेत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ साली आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला होता. २०११ साली दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

मग शरीराला औषधापासून वाचविणारी ढाल अशक्यच आहे काय? तसेही नाही. मेस्ना नावाचे औषध सायक्लोफॉस्फमाइडच्या मोठ्या मात्रेसोबत नेहमी दिले जाते. ते रक्तात जवळजवळ निष्क्रिय राहते, मूत्रपिंडात पोहोचल्यावर सक्रिय होते आणि लघवीत उतरलेल्या ॲक्रोलीनला जखडून मूत्राशय वाचवते. गाठीला त्याचा लाभ मिळत नाही, कारण त्याचे काम एका ठिकाणापुरते मर्यादित आहे. अंडाशयासाठी अशी जागा ओळखून काम करणारी ढाल शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. आज ती बाटलीत मिळत नाही.

मुंबईची बातमी आणि तिचा अर्थ

रेस्व्हेराट्रॉलचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले ते २०२४च्या सुरुवातीस. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने रेस्व्हेराट्रॉल व तांबे यांच्या मिश्रणावर अनेक वर्षे काम केले आहे. केमोचे दुष्परिणाम त्याने कमी होऊ शकतात, असे त्यांचे प्रतिपादन. ‘शंभर रुपयांची कर्करोगाची गोळी’ अशा मथळ्यांनी बातमी पसरली आणि रेस्व्हेराट्रॉलच्या बाटल्यांविषयी विचारणा होऊ लागली. पुरावा अद्याप अपुरा असल्याचे अनेक कर्करोगतज्ज्ञांनी त्याच वेळी सांगितले होते.

मथळ्यांच्या गर्दीत एक बाब हरवली. या संशोधनातील मिश्रण अँटिऑक्सिडंट म्हणून काम करीतच नाही. अत्यल्प मात्रेतील रेस्व्हेराट्रॉल तांब्याच्या संगतीत मुक्तकण निर्माण करते आणि मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेले क्रोमॅटिनचे घातक कण ते मुक्तकण निकामी करतात, असा या गटाचा सिद्धांत आहे. म्हणजे पदार्थ तोच, पण मात्रा आणि जोडीदार बदलताच गुण उलटा. शिवाय हे संशोधन अंडाशयाच्या रक्षणासाठी नव्हते. मोठ्या मात्रेची रेस्व्हेराट्रॉलची बाटली विकत घेऊन टाटाचा उपचार घरी चालू केला, असे समजणे ही निव्वळ फसगत आहे.

वेळेवर होणारे खरे उपाय

दिलासा देणारी बाब अशी की, अंडाशयाचे वा मातृत्वाचे रक्षण करणारे तपासून पाहिलेले उपाय आज उपलब्ध आहेत. त्यांतील जवळजवळ सर्व उपाय केमोच्या पहिल्या सलाईनच्या आधी करावे लागतात. गोळ्यांच्या नादात निसटते ते नेमके हेच दिवस.

पहिला उपाय स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याचा. संप्रेरकांची इंजेक्शने देऊन बीजे पक्व करतात, योनिमार्गातून सुईने काढतात आणि अतिशीत तापमानात साठवतात. पूर्वी यासाठी पाळीची वाट पाहावी लागे. आता महिन्याच्या कोणत्याही दिवशी आरंभ करता येतो आणि सुमारे दोन आठवड्यांत काम पुरे होते. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेनची पातळी वाढू नये म्हणून लेट्रोझोल हे औषध सोबत देतात. अविवाहित मुलीलाही हा मार्ग मोकळा आहे. विवाहितेपुढे गर्भ गोठविण्याचाही पर्याय असतो, परंतु पुढे न वापरलेल्या गर्भाचे काय, हा प्रश्न अनेक धर्मशील कुटुंबांच्या मनाला टोचतो. केवळ बीजे गोठविल्यास तो उद्भवत नाही. असे काम करणारे केंद्र २०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यान्वये नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. या सेवांसाठी कायद्याने स्त्रीचे वय २१हून अधिक व ५०हून कमी असावे लागते.

या तंत्राला महाराष्ट्र परका नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट-ट्यूब बालिका जन्मली. तेव्हा जे नवल वाटले, ते आज नागपूरसारख्या शहरातही नित्याचे झाले आहे.

दुसरा उपाय अंडाशयाचा तुकडा गोठविण्याचा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढलेला हा तुकडा उपचार संपल्यावर पुन्हा बसवितात. वयात न आलेल्या मुलींसाठी आणि दोन आठवडेही थांबणे शक्य नसलेल्या रुग्णांसाठी हा मार्ग मोलाचा आहे. बेल्जियममध्ये २००४ साली अशा रोपणानंतर पहिले मूल जन्मले. ही सोय मोजक्याच केंद्रांत असते, म्हणून चौकशी लवकर करावी लागते.

तिसरा उपाय इंजेक्शनचा. गोसेरेलिन किंवा ल्युप्रोलाइड ही औषधे केमोच्या किमान एक आठवडा आधीपासून दर महिन्याला दिली असता अंडाशय तात्पुरते निद्रिस्त होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संप्रेरकांना प्रतिसाद न देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या २५७ स्त्रिया नोंदविल्या होत्या. ज्यांची माहिती हाती आली त्यांत, दोन वर्षांनी अंडाशय निकामी झाल्याचे प्रमाण गोसेरेलिन घेतलेल्यांत ८ टक्के, तर न घेतलेल्यांत २२ टक्के होते. पहिल्या गटात २२ स्त्रियांना गर्भ राहिला, दुसऱ्यात १२ जणींना. हा उपाय बीजे गोठविण्याची जागा घेत नाही. दोन्ही एकत्र करता येतात.

चौथा मार्ग औषधाची निवड व मात्रा बदलण्याचा. ल्युपसने मूत्रपिंडाला सूज आलेल्या तरुण मुलींना आता अनेकदा सायक्लोफॉस्फमाइडची कमी मात्रा देतात. दर पंधरवड्याला ५०० मिलिग्रॅमप्रमाणे सहा वेळा, म्हणजे एकूण ३ ग्रॅम. काहींना पर्यायी औषध देता येते, अर्थात त्याचीही स्वतःची पथ्ये असतात. असा पर्याय आहे किंवा नाही, हे विचारल्यावाचून कळत नाही.

प्रत्येकीला प्रत्येक उपाय लागू पडेल असे नाही. कधी रोग इतका वेगाने वाढत असतो की दोन दिवसही थांबता येत नाही. तेव्हा जीव आधी, यात दुमत असू नये. पण थांबता येते की नाही हा निर्णय माहितीवर व्हावा, संकोचावर नव्हे.

पाणी, उपवास आणि कॅप्सूल

जैन घरांत या उपचाराशी निगडित आणखी काही बाबी येतात आणि त्या डॉक्टरांना ठाऊक असतीलच असे नाही.

सायक्लोफॉस्फमाइडच्या दिवसांत भरपूर पाणी पिऊन वारंवार लघवीला जाणे आवश्यक असते, अन्यथा ॲक्रोलीन मूत्राशयात साचून रक्तस्राव होऊ शकतो. चौविहार पाळणाऱ्या स्त्रीला सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य. तिने हे आधीच सांगितले, तर औषध सकाळच्या प्रहरी देऊन दिवसा पुरेसे पाणी घेण्याची योजना करता येते. तेवढ्याने भागणार नसेल किंवा मात्रा मोठी असेल, तर रात्रीही पाणी घ्यावे लागेल. निर्जळी उपवास, वर्षीतप, आयंबिलाची ओळी यांविषयीही असेच. पच्चक्खाणात रुग्णाच्या समाधीसाठी आगार ठेवलेले आहेत. गुरुमहाराजांना वा महासतीजींना उपचाराची कल्पना देऊन त्यांचे मार्गदर्शन घेतल्यास मनावरचे ओझे उतरते.

कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातड्यापासून व हाडांपासून केलेले असते. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वेष्टणावर शाकाहार-मांसाहाराचे चिन्ह असणे बंधनकारक आहे. ॲलोपॅथीच्या औषधांवर ते नसते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाच्या कवचाविषयी शंका असेल, तर ते परस्पर न थांबवता गोळीच्या किंवा वनस्पतिजन्य कवचाच्या पर्यायाची विचारणा करावी.

ताटातले अन्न हा वेगळा विषय आहे. आवळा, डाळिंब, मूग, ताक, भाज्या यांतून मिळणारी अँटिऑक्सिडंट द्रव्ये नेहमीच्या प्रमाणात घेण्यास सहसा कोणतेच डॉक्टर हरकत घेत नाहीत. अश्वगंधा, शतावरी, गुळवेल यांच्या अर्काच्या गोळ्या मात्र अन्न नव्हेत. केमोच्या काळात यकृतावर आधीच भार असतो आणि काही कर्करोग संप्रेरकांना प्रतिसाद देणारे असतात. म्हणून त्यांची यादीही डॉक्टरांपुढे ठेवावी.

काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे

या मासिकाच्या वाचकांत औषधांचा व्यापार करणारी घरेही आहेत. आहारपूरकांच्या वेष्टणावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा आशयाची सूचना छापण्याचे बंधन आहे. ज्या मालावर तो मजकूर आहे, तो अंडाशयाचे रक्षक औषध म्हणून हातात देणे व्यापाराच्या नीतीत बसत नाही. तरुण स्त्रीसाठी अशी बाटली मागणाऱ्या गिऱ्हाइकाला, “केमो चालू आहे का? डॉक्टरांना विचारले आहे का?” एवढे विचारले, तर एखादी विक्री बुडेल. पण ते गिऱ्हाईक बाटलीऐवजी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दारी पोहोचण्याचा संभव आहे.

घरातल्यांनी करायचे काम याहून अवघड नाही. निदान झाल्यावर पहिल्या सलाईनच्या तारखेआधी कर्करोगतज्ज्ञांना इतके विचारावे : या औषधाने अंडाशयाला किती धोका आहे? बीजे गोठविण्यापुरते थांबता येईल का? अंडाशय निद्रिस्त करणारे इंजेक्शन लागू पडेल का? आता एएमएच तपासावे का? आणि घरात असलेल्या प्रत्येक गोळीची, चूर्णाची, बाटलीची यादी त्यांच्यासमोर ठेवावी.

हे प्रश्न सुनेने एकटीने विचारावेत अशी अपेक्षा ठेवू नये. तिच्या मनात आधीच पुष्कळ भीती असते. सासूबाईंनी तपासणीच्या खोलीत तिच्याजवळ बसून, पुरुष मंडळींना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगून, स्वतः तोंड उघडले, तर गोष्ट पाच मिनिटांत मोकळी होते. हुडकेश्वरच्या घरापासून तुकडोजी चौकापर्यंतचा रस्ता फार लांब नाही. त्या रस्त्यावर गाडीत बसल्या बसल्या सासूबाईंनी “सुनबाई, आज डॉक्टरांना मी विचारणार आहे,” एवढे म्हटले, तरी तिचा निम्मा भार हलका होईल.